माइक खरखरतो

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या दोन फळ्यांवर आठ जुने लॅपटॉप ठेवलेत. प्रत्येकाच्या झाकणावर मेडिकलमध्ये मिळते ती पांढरी चिकटपट्टी, आणि तिच्यावर बॉलपेननं गिरवून गिरवून लिहिलेली एक ओळ. सात लॅपटॉपांवर एकच मजकूर आहे, ‘माइक खरखरतो’. आठव्यावर आहे, ‘झोपवला की उठत नाही’. नवे मुख्याध्यापक आल्या आल्या म्हणाले, मॅडम, हे भंगार काढून टाका. मी बरं म्हणाले आणि कपाटाची किल्ली पर्समध्ये टाकली. फारच मागे लागले तर हरवली म्हणून सांगणार आहे.

हे अक्षर कडुबा ढेपल्यांचं. ढेपले आमच्या संस्थेचे प्रयोगशाळा सहायक. संस्थेच्या चार शाळा, दोन शहरात, एक करमाडला, एक कन्नडला, आणि चारही ठिकाणचे संगणक या एका माणसाच्या गळ्यात. संगणक म्हणजे शेंद्र्याच्या आणि वाळूजच्या कंपन्यांनी वापरून टाकलेले. कंपनीचे साहेब येत, हार घालून घेत, फोटो काढत आणि जात. मग ते डबे उघडायचे ढेपल्यांनी. विकतची सिस्टीम त्या म्हाताऱ्या मशीनांना झेपायची नाही, म्हणून ढेपले त्यांच्यावर लिनक्स टाकत. ती फुकट मिळते, जुन्या मशीनवर चालते, आणि तिच्यात काय आहे ते कुणालाही उघडून बघता येतं. एवढं सगळं चांगलं असल्यावर कुठंतरी माशी शिंकणारच. ती शिंकते जोडण्यांमध्ये. एखाद्या मशीनचा आवाजच येत नाही, एखाद्याला वायफाय दिसत नाही, एखादा प्रिंटर ओळखच दाखवत नाही. कुठल्या मशीनचं या सिस्टीमशी जमेल आणि कुठल्याचं कुठं अडेल, हे घरात आणल्याशिवाय कळत नाही.

शिडशिडीत माणूस, पायात बारमाही चप्पल. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणि वायफायचा एक डोंगल. डोंगल काळ्या दोऱ्यानं गुंडीला बांधलेला असे. हा डोंगल कुठल्याही मशीनवर चालतो याची त्यांना खात्री होती आणि एवढी खात्री त्यांना जगात दुसऱ्या कशाचीच नव्हती. आम्ही शिक्षक स्क्रीन उजळला की टाळी वाजवायला तयार. ढेपले मान हलवायचे. त्यांचं वाक्य ठरलेलं होतं, “चालू व्हणं येगळं मॅडम, आन चालणं येगळं.”

‘चालतो’ हा शब्द त्यांच्याकडून मिळवायला मशीनला आठ परीक्षा द्याव्या लागत. पडदा, कळा, आवाज, माइक, वायफाय, प्रिंटर, प्रोजेक्टर, आणि शेवटची झोपेची, म्हणजे झाकण लावून मशीन झोपवायचं आणि उघडून उठवायचं. ते दहादा. नऊ वेळा उठलं आणि दहाव्यांदा नाही उठलं, तरी नापास. मी एकदा म्हटलं, ढेपले, दहातले नऊ म्हणजे नव्वद टक्के, आमच्याकडं मेरिटला लागतं पोरगं. ते म्हणाले, दहाव्या वेळेला तिथं तुमी असता, मी नसतो.

माइकची परीक्षा मात्र ऐकण्यासारखी असे. दुसरा कुणीही असता तर हॅलो हॅलो, वन टू थ्री म्हणून मोकळा झाला असता. ढेपल्यांचं म्हणणं, असं कुणी बोलतं का? माणूस बोलताना थांबतो, दम घेतो, हळू होतो, ते सगळं आत गेलं पाहिजे. म्हणून ते माइकसमोर नीट बसून त्या दिवशी डब्यात काय होतं ते सांगत. भाजी कोणती, मीठ कमी का जास्त, भाकरी होती का पोळी. अर्धा मिनिट बोलायचे, मग ऐकायचे. मशीन सगळ्यांत पास झालं की ते रेकॉर्डिंग पुसून टाकत. दुसऱ्याच्या मशीनमध्ये आपला आवाज ठेवू नये, असं त्यांना वाटे. नापास झालं तर मात्र ठेवत, पुरावा म्हणून.

डब्याचं हे बोलणं कुठून आलं ते मला फार उशिरा कळलं. त्यांची आई पिशोरला, धाकट्या भावाकडं. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. ढेपले लहानपणी शिकायला कन्नडला राहिले, तेव्हापासून त्या माउलीनं एक रीत धरली होती, पोरगं जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही. तेव्हा फोन नव्हता, सूर्य डोक्यावर आला की जेवलं असेल म्हणायची आणि ताटावर बसायची. पुढं मोबाइल आला आणि अंदाजाची जागा फोननं घेतली. दुपारी डबा संपला की ढेपले व्हरांड्यात जाऊन फोन लावत. तिकडून एकच प्रश्न, “जेवला का रं?” मग हे भाजी सांगत, मीठ सांगत, ऊन सांगत, आणि “ठेवतो आता” म्हणून ठेवत. त्यानंतर पिशोरला ताट वाढलं जाई. पन्नाशीला आलेल्या माणसाचं हे रोजचं वेळापत्रक होतं आणि आम्ही स्टाफरूममध्ये त्यावर हसत असू.

ढेपल्यांना लोक लिनक्सवाले म्हणत, पण लिनक्सवाल्यांनाही ते परवडत नसत. शहरात एकदा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. पुण्याहून एक तरुण वक्ता आला होता. ही सिस्टीम कुठल्याही मशीनवर चालते, कधी अडकत नाही, असं तो छातीठोकपणे सांगत होता. मागच्या रांगेतून ढेपल्यांचा हात वर गेला. त्यांनी डायरी उघडली आणि वाचायलाच सुरुवात केली, कुठला प्रिंटर अर्धं पान छापतो, कुठलं वायफाय दर तासाला सुटतं, कुठला पडदा झोपेतून उठल्यावर काळाच राहतो. दोन पानं झाली तेव्हा वक्ता चिडला. एवढं वाईट आहे तर वापरता कशाला, म्हणाला.

“वापरतो म्हणून तर ठावं हाय, सर,” ढेपले म्हणाले. “जे चालत नाय ते तुमी झाकलं, तर जे चालतं त्याच्यावरबी लोक इस्वास ठेवायचे नाय.”

सभागृहात कुणीतरी खोकलं आणि चहाची सुट्टी जाहीर झाली. त्यानंतर ढेपल्यांना प्रशिक्षणाचं बोलावणं आलं नाही.

चुकले नाहीत असं नाही. कन्नडच्या शाळेत प्रात्यक्षिक परीक्षा होती, मी परीक्षक म्हणून गेले होते. परीक्षेच्या आठवड्यात मशीनवर नवीन काही घ्यायचं नाही, हा त्यांचाच नियम. पण एका मशीनचा आवाज येत नव्हता आणि नव्या कर्नलमध्ये तो दोष काढला आहे असं त्यांनी वाचलं होतं. कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा, मशीनच्या प्रत्येक भागाशी बोलणारा. एकासाठी घ्यायचा तो त्यांनी सगळ्यांवर घेतला. सकाळी त्या एका मशीनचा आवाज आला आणि बाकी सगळ्यांचं नेटवर्क गेलं. मुलं बाहेर उन्हात उभी होती. ढेपले एकेका मशीनपुढं गुडघ्यावर बसून जुना कर्नल परत लावत होते. परीक्षा दोन तास उशिरा सुरू झाली. तिथल्या हेडसरांनी वीजमंडळावर ढकलायची तयारी केली होती, तसा कागदही लिहून ठेवला होता. ढेपल्यांनी तो परत दिला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, लाइट होती, चूक माझी आहे. एक पगारवाढ गेली. बसनं परत येताना मला एवढंच म्हणाले की एकाला बरं करायच्या नादात मी बाकीच्यांना इच्यारलंच नाय.

मग ते सात लॅपटॉप आले. वाळूजच्या एका कंपनीचे, एकाच जातीचे, दिसायला चांगले. ढेपल्यांनी सवडीनं एकेक लावायला घेतला. पहिल्याचा माइक खरखरला. चिकटपट्टी लागली. महिन्याभरानं दुसरा, तोही खरखरला. आधी ते खूष होते, एका जातीचे आहेत, दोष एकच असणार, एकदा सापडला की सातही सुटतील. त्यांनी सेटिंगा बदलल्या, बाहेरचा माइक लावून पाहिला, तोही खरखरला, म्हणजे दोष आणखी आत आहे असं ठरवलं. हे पाचसहा महिने चाललं होतं.

याच काळात त्यांचा आवाज बसला होता. हे मला आता एका वाक्यात लिहिता येतं. तेव्हा मी त्यांच्यापासून तीन फुटांवर बसत होते आणि मला हे एक वाक्य सुचलं नाही. ते जुन्या डब्यांमधली धूळ फुंकून काढत, त्यामुळं घसा धरला असेल असं सगळ्यांनाच वाटलं. मी ज्येष्ठमध दिलं. ढेपले, आता तुमच्यावरच पट्टी लावायला पाहिजे, असा विनोदही केला. तो विनोद मला अजून ऐकू येतो आणि स्वतःची किळस येते.

अशा सिस्टीमवर काम करणारी माणसं जगभर विखुरलेली असतात आणि तक्रार मांडायची एक जागा असते. ढेपल्यांनी आपल्या मोडक्या इंग्रजीत, नमस्कार सर अशी सुरुवात करून, सातही मशीनांची तक्रार लिहिली आणि सातही रेकॉर्डिंग जोडली. आठवड्यानं उत्तर आलं. कुठल्या देशातला माणूस होता कोण जाणे, पण त्यानं सातही ऐकली होती. त्यानं लिहिलं होतं, बोलणारा जिथं थांबतो तिथं आवाज अगदी स्वच्छ आहे. खरखर फक्त बोलण्यात आहे आणि ती दर महिन्याला वाढली आहे. तुमचे माइक चांगले आहेत. बोलणाऱ्या गृहस्थांना कृपया घशाच्या डॉक्टरकडं पाठवा. खाली तक्रार बंद केल्याचा शेरा होता, दोष आढळला नाही.

ढेपले ते उत्तर घेऊन माझ्याकडं आले ते चिडून. यांना साधा माइक समजंना, म्हणाले. मी सातवा लॅपटॉप पुढं ओढला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि सकाळी मी काय खाल्लं ते सांगितलं. मग दोघांनी ऐकलं. माझा आवाज लख्ख होता, पोह्यांतल्या लिंबासकट. त्यांनी ते तीनदा ऐकलं. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद दिसला.

“म्हंजी मशीन बरं हाय,” ते म्हणाले.

मग ते खुर्चीत बसले आणि पट्टीचं एक टोक नखानं उचकटून पुन्हा दाबून बसवू लागले.

डॉक्टरांनी घशात गाठ आहे, उशीर झाला म्हणून सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागेल, श्वास गळ्याच्या भोकातून, आवाज परत नाही. ऑपरेशनच्या आधी मी म्हटलं, आईसाठी काहीतरी बोलून ठेवा. ते कुजबुजले, आता काय ठेवता मॅडम, निसती खरखर हाय.

आईला काहीच सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. इतके दिवस फोनवरचा बसलेला आवाज त्यांनी तिच्याकडंही धुळीवरच ढकलला होता. त्यांचे वडील घशाच्याच दुखण्यानं गेले होते आणि ते मरण तिनं, तेव्हा डोळे होते, डोळ्यांनी पाहिलेलं. पिशोरला जायचंही नाही. कारण आई आधी पोराच्या तोंडावरून हात फिरवायची, आणि तो हात गळ्यापर्यंत आलाच असता. ऑपरेशननंतर सुनंदावहिनी, म्हणजे त्यांची बायको, दुपारी फोन लावून सांगायची, ते कामात हायेत, जेवले. म्हातारी म्हणायची, मग त्याला बोलू दे. दोन दिवस तिनं वाट बघितली. तिसऱ्या दिवसापासून ताट परत जाऊ लागलं. संध्याकाळी चहात बुडवून दोन बिस्किटं, बाकी काही नाही. आठवड्यानं धाकट्या भावाचा फोन आला, माय उठून बसंना.

ढेपल्यांनी लॅपटॉपवर मराठी वाचून दाखवणारा आवाज बसवला, तोही फुकटवाल्या सिस्टीमवरचाच. ‘मी जेवलो’ असं टाइप करून फोनपुढं धरलं. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा तो आवाज ऐकून तिकडं म्हातारी घाबरली. हा कोण माणूस, कडुबाचा फोन ह्याच्याकडं कसा, म्हणून तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. त्या दिवशी तिनं चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ढेपले शाळेत आले. नाकातून अन्नाची नळी, गळ्याभोवती पांढरं फडकं, हातात मुलांची पाटी. पाटीवर लिहिलं होतं, ‘कपाट उघडा.’

पास झालेल्या मशीनांवरचा आवाज त्यांनी पुसला होता, पण नापासांचे पुरावे होते. आम्ही सातव्यापासून मागं जायला लागलो. सातव्यात नुसती घरघर, डब्यात भेंडी होती एवढंच कळत होतं. सहाव्यात पिठलं. पाचव्यात मेथी. एकेक मशीन मागं जावं तसा माणूस बरा होत होता. ढेपले मान खाली घालून ऐकत होते, रोजच्यासारखे, तपासायला बसल्यासारखे. पण पहिल्यातही खरखर होतीच. धुळीनं धरलेला घसा एव्हाना सुटायला हवा होता, आईनं ती खरखर नक्की ओळखली असती. पाटीवर त्यांनी लिहिलं, ‘माइक बरे होते.’ आणि लगेच पुसलं.

मग उरला आठवा. दोन वर्षांपूर्वीचा, फक्त झोपेत नापास झालेला. तो चालू व्हायला पुष्कळ वेळ लागला. फाइल होती. मी कळ दाबली आणि खोलीत ढेपले बोलले.

“हां. जेवलो. आज शेवग्याच्या शेंगा व्हत्या डब्यात. मीठ जरा जास्ती पडलं व्हतं, पण खाल्लं सगळं. ऊन लई हाय. ठेवतो आता.”

मला तिथं थांबवेना. मी खिडकीशी जाऊन मैदानाकडं बघत राहिले. मागं वळले तेव्हा पाटीवर लिहिलेलं होतं, ‘हा चालतो.’

ते रेकॉर्डिंग त्यांनी दुसऱ्या एका मोबाइलवर घेतलं आणि त्याचे दोन तुकडे केले, जेवणाचा एक, ‘ठेवतो आता’चा दुसरा. त्याच दुपारी म्हातारीनं अर्धी भाकरी खाल्ली. पुढं त्यांनी इतर सातांतल्या भाज्याही वापरायचा प्रयत्न केला. खरखर काढायचं सॉफ्टवेअर असतं, ते त्यांनी तीन आठवडे चालवलं. खरखर जायची, पण तिच्याबरोबर शब्दही जायचे आणि मागं नुसता वारा उरायचा. त्यांनी मला मेसेज केला होता, दोन्ही एकाच जागी आहेत, सुटे होत नाहीत.

ढेपले गेले त्याला आता वर्ष होत आलं. गाठ पुन्हा आली होती. पिशोरला अजून कुणी सांगितलेलं नाही. दुपारी सुनंदावहिनी त्यांच्या फोनवरून नंबर लावते आणि त्याच दोन कळा दाबते. हे बरोबर की चूक, हे मला विचारू नका. मी तो निर्णय घेऊ शकले नसते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मुकुंदवाडीच्या त्यांच्या घरी, जाण्याच्या दहाएक दिवस आधी. पलंगावर उशीला टेकून बसले होते. शेजारी खुंटीला नळीतून द्यायच्या पातळ अन्नाची पिशवी लटकलेली. तोंडानं एक घोट पाणीही जात नव्हतं. दुपार झाली. त्यांनी खूण करून वहिनींना टीव्ही बंद करायला लावला, मोबाइलचा स्पीकर चालू केला आणि नंबर लावला.

“जेवला का रं?”

त्यांनी क्षणभर थांबून, माणूस घास गिळून बोलतो तेवढं थांबून, दुसऱ्या मोबाइलवरची पहिली कळ दाबली. शेवग्याच्या शेंगा, जास्तीचं मीठ, ऊन. बाहेर पाऊस पडत होता.

“रोज शेवगाच करती व्हय ती?” म्हातारी म्हणाली. “सुनंदीला सांग, दुसरं कायतरी घाल म्हणावं डब्यात. आन मीठ कमी टाक म्हणावं. पोटाचं हाल करू नगं, बाळा.”

वहिनी तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात गेली. ढेपल्यांचा अंगठा कळांवर फिरला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मी दुसरीकडं.

“बरं, ऱ्हाऊ दे,” तिकडून आवाज आला. “मी बसते जेवायला.”

फरशीवरून ताट ओढल्याचा आवाज आला. मग भाकरी मोडल्याचा. ढेपले फोन कानाजवळ धरून ते ऐकत होते. पहिला घास जाईपर्यंत थांबले, आणि मग त्यांनी दुसरी कळ दाबली.